दुय्यम साधनांच्या यादीत सातवा क्रमांक

माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या कच्च्या प्रतीवर मॅडमनी पेन्सिलीनं एकच गोल केला होता. शेवटच्या पानावर साधनांची यादी होती. ‘प्राथमिक साधने’ या मथळ्याखाली नामदेव ढसाळांचे कवितासंग्रह, ‘गोलपिठा’पासून पुढं ओळीनं. ‘दुय्यम साधने’ या मथळ्याखाली समीक्षाग्रंथ, गौरवग्रंथ, लेख. त्यात सातव्या क्रमांकावर ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय, मलिका अमर शेख, 1984’. गोल याच्याभोवती होता आणि शेजारी एकच शब्द: का?

मला वाटलं, हे पुस्तक कशाला हवं असं विचारलंय. मी दोन पानांचं समर्थन लिहून नेलं. कवीच्या जडणघडणीवर प्रकाश, कौटुंबिक पार्श्वभूमी, वगैरे. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “पुस्तक का, हे मी विचारलंच नाही. इथं का, हे विचारलं.”

तुमच्यापैकी बरेचजण आता पेटची तयारी करताय, काहींचं कोर्सवर्क सुरू झालंय. ही यादी तुम्हालाही करायची आहे. आणि विषय जर कवी दाम्पत्याचा असला, किंवा नवराबायको दोघंही लिहिणारे असले, तर हा खड्डा तुमच्याही वाटेत आहे. मी त्यात पडलो कसा, ते सांगतो.

आधी तांत्रिक बाजू. प्राथमिक की दुय्यम हे पुस्तकाच्या अंगाला चिकटलेलं नसतं, ते आपल्या प्रश्नावर ठरतं. मराठी आत्मकथनांचा अभ्यास करायचा असेल तर ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे सरळसरळ प्राथमिक साधन. एका कवयित्रीच्या लेखनाचा अभ्यास असेल तरी प्राथमिक. बरं, अभ्यास फक्त ढसाळांच्या चरित्राचा असेल असं समजा. तरी ज्या बाईनं त्या घरात राहून, त्याच काळात, स्वतः पाहिलेलं लिहिलंय ती साक्षीदार झाली, आणि साक्षीदाराचं लेखन इतिहासवाले प्राथमिकच धरतात. म्हणजे कुठूनही बघा, माझं वर्गीकरण चूकच होतं. नंतर कुणी तरी बसून ढसाळांवर लिहिलेलं समीक्षेचं पुस्तक आणि हे पुस्तक एका यादीत बसायला काहीच आधार नव्हता. आधार एकच होता, आणि तो मला कबूल करायला वेळ लागला: ती बायको होती. बायकोचं लिहिणं म्हणजे नवऱ्यावरची टीप.

ही सवय आपल्या वाक्यांतही असते. त्याच आराखड्यात मी पानोपानी ‘ढसाळ’ आणि ‘मलिका’ असं लिहिलं होतं. त्याला आडनाव, तिला पहिलं नाव. तुम्ही छापील लेख काढून बघा, ही जोडी किती वेळा दिसते. मग ‘शेख’ लिहावं तर गोंधळ, कारण शेख म्हटलं की वडील आठवतात. त्यांनी स्वतः पुस्तकांवर जे नाव लावलं ते तीन शब्दांचं आहे, मलिका अमर शेख, लग्नानंतरच्या पुस्तकांवरसुद्धा. तेवढं पूर्ण लिहायला जागा जाते, पण मी आता तसंच लिहितो. ग्रंथालयाच्या सूचीत त्यांची नोंद नवऱ्याच्या नावाखाली सापडत नाही. हे नाव निवडणं हाच त्यांच्या कागदपत्रांतला पहिला कागद आहे असं मला वाटतं.

आणि त्या नावातला मधला शब्द आपल्या जिल्ह्यातला आहे. शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे, जन्म 1916, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संप, तुरुंग, कम्युनिस्ट पक्ष. पुढं मुंबईत अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो आवाज घराघरांत पोचला. 1947 मध्ये त्यांनी कुसुम जयकरांशी आंतरधर्मीय लग्न केलं. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह आहेत, पण लोकांच्या लक्षात आहे तो डफ आणि गळा. त्यांची आई मुनेरबी ओव्या म्हणायची. बार्शीतल्या जात्यावरची ओवी, मैदानातला पोवाडा आणि त्यानंतर नातीनं छापलेली मुक्तछंदातली कविता, असा तीन पिढ्यांचा हिशोब लावला तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या पिढीचा कागदच नाही. दुसऱ्या पिढीचा कागद आवाजाच्या मानानं थोडा. तिसऱ्या पिढीपासून छापील पुस्तकं लागतात.

म्हणून ‘कागदपत्रं’ हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर लोखंडी पेटी, त्यात रिबिनीनं बांधलेली पत्रं आणि हस्तलिखितं येत असतील तर ती आधी बाजूला ठेवा. ती पेटी ज्यांच्या घरात माळा होता त्यांच्याकडं असते. भाड्याच्या खोलीत, चाळीत, सतत माणसांचा राबता असलेल्या घरात कागद राहत नाही. ढसाळ पुण्याजवळच्या पूर-कनेरसर गावचे, जन्म 1949, लहानपणीच मुंबईत आले. वडील खाटकाच्या दुकानात कामाला. मुलगा कामाठीपुऱ्याच्या परिसरात, ढोर चाळीत वाढला. पुढं टॅक्सी चालवली. अशा कवीची कागदपत्रं म्हणजे लघुअनियतकालिकांचे अंक, पँथरचा 1973 चा जाहीरनामा, संग्रहांच्या पहिल्या आवृत्त्या, त्यांच्या प्रस्तावना, ‘सामना’तलं स्तंभलेखन, अनुवाद. सगळं छापील आणि विखुरलेलं. आणि या सगळ्याच्या बरोबरीनं एक पुस्तक, जे त्याच घरात बसून दुसऱ्या कवीनं लिहिलं.

मराठीत याची परंपरा आहे, आणि चांगली आहे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई दोघंही कवी. ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी सुरू केलं, 1919 मध्ये ते गेले, आणि पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. पण आपण त्यांना ओळखतो ‘स्मृतिचित्रे’मुळे, आणि वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना निम्मा वेळ टिळकांच्या स्वभावात जातो. नारायण सुर्वे घ्या. गिरणीच्या कामगारानं उचलून वाढवलेलं मूल, पुढं शाळेत शिपाई, मग मास्तर, मग ‘माझे विद्यापीठ’चा कवी. त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनी आठवणी लिहिल्या त्या पुस्तकाचं नाव ‘मास्तरांची सावली’. या नावात प्रेम आहे, अभिमान आहे, पण जागाही ठरवून टाकलेली आहे. सावली माणसाच्या मागं.

आता ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे नाव शेजारी ठेवा आणि फक्त व्याकरण बघा. सावली नाही, मास्तर नाहीत, ‘त्याच्याबरोबरचे दिवस’ नाहीत. पहिलाच शब्द ‘मला’. मग ‘व्हायचंय’, म्हणजे इच्छा. उद्ध्वस्त झाले असं नाही, केलं गेलं असं तर नाहीच. शिवाय ‘व्हायचे आहे’ नव्हे, ‘व्हायचंय’. बोलीतलं रूप थेट मुखपृष्ठावर. जेरी पिंटो यांनी 2016 मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, त्याच्या नावाचा अर्थ ‘मला स्वतःला नष्ट करायचंय’ असा होतो. इंग्रजीला कर्ता आणि कर्म लागतं, त्यामुळं तिथं बाई स्वतःच स्वतःवर घाव घालते. मराठीत तसं नाही. घर उद्ध्वस्त होतं, गाव उद्ध्वस्त होतं, कोण करतं ते क्रियापद सांगत नाही. करणारा मोकळा ठेवायचा आणि इच्छा मात्र आपल्या नावावर घ्यायची, ही या शीर्षकातली खरी कोंडी आहे. जिची दोन शब्दांत अशी पकड आहे ती बाई टीप लिहीत नाहीये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ढसाळांची शीर्षकंही अशीच वाचा. ‘गोलपिठा’, 1972. ठिकाणाचं नाव. माणूस नाही, भावना नाही, पत्ता आहे. ‘तुही यत्ता कंची’, 1981. इथंही बोली, पण रोख समोरच्यावर: तुझी इयत्ता कोणती? तीन वर्षांच्या अंतरानं एकाच घरातून दोन पुस्तकं येतात, दोन्हींच्या मुखपृष्ठावर प्रमाणभाषा नाही. एक ‘तू’ला प्रश्न विचारतं, दुसरं ‘मी’चं सांगतं. प्रभाव कुणाचा कुणावर, हा प्रश्न मी इथं मुद्दाम सोडतो. तो विचारला की उत्तर आधीच ठरलेलं असतं. आणि लक्षात असू द्या, मलिका अमर शेख यांचा पहिला कवितासंग्रह ‘वाळूचा प्रियकर’ 1979 चा, म्हणजे आत्मकथनाच्या पाच वर्षं आधीचा. ‘ढसाळांच्या बायकोनं पुस्तक लिहिलं’ असं नव्हतं, एका कवयित्रीनं गद्य लिहिलं होतं.

हे कवयित्रीचं गद्य आहे, हे विसरून वाचलं की काय होतं बघा. ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यात तेंडुलकर कबूल करतात की यातले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत, ते कवीकडून अर्थ समजून घेतात, त्याच्याबरोबर त्या वस्तीत फिरतात. पांढरपेशा वाचकाला त्यांनी सांगितलं की तुझं अज्ञान हीच इथली पहिली अडचण आहे. तेव्हापासून ढसाळांच्या पुस्तकाला आपण विचारतो, या शब्दाचा अर्थ काय? मलिका अमर शेख यांच्या पुस्तकाला विचारतो, हे खरं आहे का? एकाला भाषेचा प्रश्न, दुसऱ्याला चौकशीचा. मारहाण, दारू, नवऱ्याकडून आलेला गुप्तरोग, पैशाची ओढाताण हे सगळं त्यात आहे. ते वाचून आपण पोलीस जबाब वाचल्यासारखे पुढं जातो. मग दिसत नाही की सांगणारी बाई मध्येच हसते, स्वतःची टिंगल करते, लाडावलेल्या मुलीला संसार कसा कळत नव्हता तेही सांगते, आणि ज्या माणसाबद्दल तक्रार आहे त्याच्याबद्दलची ओढ लपवत नाही. जबाबात हे येत नसतं.

आता अवघड भाग. ‘गोलपिठा’त ‘मंदाकिनी पाटील’ ही कविता आहे, एका तरुण वेश्येवरची. मराठी कवितेनं ज्या बाईकडं तोवर मान वळवून पाहिलं नव्हतं तिला ढसाळ कवितेच्या मधोमध आणतात. आणि तोच कवी घरात असा. तुम्ही दोन्ही पुस्तकं एका आठवड्यात वाचलीत तर पहिला शब्द मनात येईल तो ‘दांभिक’. माझ्याही आला. चर्चासत्रात मी तो जवळजवळ बोललोही असतो.

मला तो शब्द पुरेसा वाटत नाही, आणि याचं कारण ढसाळांना वाचवायचंय हे नाही. तो शब्द पुन्हा तेच करतो: बाईचं पुस्तक नवऱ्याच्या खटल्यातला पुरावा होतं. निकाल लागला की पुस्तक परत कपाटात. याच्या उलटचा मार्गही तितकाच खोटा आहे, तो म्हणजे ‘कविता वेगळी, माणूस वेगळा’ म्हणून आत्मकथन मिटून ठेवायचं. मग कविता शिल्लक राहते आणि बाई गायब. मला जास्त उपयोगी पडला तो साधा प्रश्न: ही बाई कवितेत कुठं उभी आहे आणि कोण बघतंय? ‘गोलपिठा’तली बाई रस्त्यावरची आहे, तिच्याकडं बघणारा आवाज तिच्यासाठी पेटून उठतो, जगाला शिव्या घालतो. आत्मकथनातली बाई दाराच्या आत आहे आणि बघणारी तीच आहे. रस्त्यावरच्या बाईसाठी मराठीत नवी भाषा घडवणाऱ्या कवितेकडं दाराच्या आतल्या बाईसाठी भाषा होती का, हा समीक्षेचा प्रश्न झाला. याचं उत्तर ओळी उघडून शोधता येतं, कुणाच्या चारित्र्याचा दाखला लागत नाही. माझं आतापर्यंतचं वाचन सांगतं की 1984 पर्यंतच्या संग्रहांत ती भाषा फार कमी आहे, आणि नेमकी तीच जागा ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ भरतं.

तारखांचंही भान ठेवा. मलिका अमर शेख यांचा जन्म 1957 चा. म्हणजे हे पुस्तक आलं तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या. बारा वर्षांच्या असताना, 1969 मध्ये, अपघातात वडील गेलेले. मला स्वतःला सत्तावीस पूर्ण होऊन गेली आणि एक आराखडा नीट होत नाही, ते असो. मुद्दा हा की लग्नाच्या पहिल्या दशकातलं हे लेखन आहे. ढसाळ त्यानंतर तीस वर्षं जगले, 15 जानेवारी 2014 ला गेले, त्यातला मोठा काळ मायस्थेनिया ग्रॅव्हिससारख्या आजारात. संशोधक मात्र हे पुस्तक चाळीस वर्षांच्या संसाराचा शेवटचा शब्द म्हणून वापरतात. कागदावरची तारीख वाचायची ती याच्यासाठी. 1984 चा कागद 1984 पर्यंतचंच सांगतो.

पुस्तकात उणंही आहे, ते सांगायला हवं, नाहीतर आपण फक्त बाजू बदलली असं होईल. 1974 मध्ये पँथर फुटली, राजा ढाले आणि ढसाळ वेगळे झाले. त्या फुटीमागचं वैचारिक भांडण, आंबेडकरवाद की मार्क्सवाद हा वाद, याचा धांडोळा इथं घ्यायला गेलात तर हाती फार लागत नाही. चळवळ या पुस्तकात घराच्या उंबऱ्यातून दिसते: येणारी माणसं, जाणारी माणसं, वाट बघणं. काही ठिकाणी माणसं भरभर निकाली निघतात. राजकीय इतिहासाला हे अपुरं आहे. पण चळवळीचा खर्च कोणत्या स्वयंपाकघरातून होतो, हे जाहीरनाम्यात सापडत नाही ते इथं सापडतं.

अजून एक अडचण आपल्या विद्यापीठीय चौकटीची आहे. हे पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचं? वडील मुस्लिम, आई हिंदू, नवरा दलित, घर कम्युनिस्ट. सोलापुरात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 मध्ये इथंच झालं, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या माणसांच्या खटपटीनं. आणि दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत ज्यांचं नाव पहिल्या फळीत येतं त्या शांताबाई कांबळे आपल्याच जिल्ह्यातल्या महूदच्या. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ 1986 मध्ये पुस्तकरूपात आलं, म्हणजे मलिका अमर शेख यांच्यानंतर दोन वर्षांनी. सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 चं. ही तिन्ही आत्मकथनं एका वर्गात एकत्र शिकवलेली मी पाहिली नाहीत. एक दलित आत्मकथनाच्या पेपरला, एक स्त्रीवादाच्या पेपरला, आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ बहुतेक वेळा ढसाळांच्या पेपरला, संदर्भ म्हणून.

‘कामगार वर्गातलं कवी दाम्पत्य’ हे लेबलसुद्धा जपून वापरा. मीही ते शीर्षकात घालायच्या विचारात होतो, छान दिसतं. पण कामगार-शाहिराच्या घरात पुस्तकांत आणि गाण्यात वाढलेली मुलगी आणि ढोर चाळीतला मुलगा हे एका वर्गातले म्हणून एका अनुभवातले होत नाहीत. मध्ये जात आहे, आणि आत्मकथनातले बरेच खटके या फटीतूनच उडतात. लेबल लावलं की फट बुजते, आणि बुजली की शोधायचं काय?

आराखडा मी पुन्हा लिहिला. आता प्राथमिक साधनांत दोन उपविभाग आहेत, दोन नावांचे, वर्णानुक्रमानं. त्यामुळं ढसाळ आधी येतात, मलिका अमर शेख नंतर. ‘वाळूचा प्रियकर’, ‘महानगर’, ‘देहऋतू’ आणि आत्मकथन हे सगळं त्यांच्या नावाखाली. ‘महानगर’ आणि ‘गोलपिठा’ समोरासमोर ठेवून एक प्रकरण करायचं ठरवलंय: एकाच शहरातला एक चौक आणि ते अख्खं शहर. यादी लांबली, दोन वर्षांचं काम तीन वर्षांवर गेलं, आणि समितीपुढं विषयाची व्याप्ती जास्त होतेय असा आक्षेप येणार हे मला दिसतंय.

मॅडमना नवी प्रत दाखवली. त्यांनी यादी वाचली, पेन्सिल उचलली आणि या वेळी ‘प्राथमिक साधने’वर नाही, पान चारवर गोल केला. तिथं मी सवयीनं लिहून गेलो होतो: ‘ढसाळ आणि मलिका’.